पंधराशेच्या आत

पोकेमॉन गो या गेममधली मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट कुठलाही पोकेमॉन नाही. तो एक आकडा आहे: १५००.

गेम आला २०१६ च्या जुलैमध्ये, आपल्याकडे अधिकृतपणे त्याच वर्षीच्या डिसेंबरात. पहिली दोन-अडीच वर्षं त्यात माणसाला माणसाशी लढताच येत नव्हतं. फिरायचं, पकडायचं, जिमवर आपला प्राणी बसवून यायचा, एवढंच. तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात एकच हिशेब असे: सीपी, म्हणजे कॉम्बॅट पॉवर, ज्याचा जास्त तो भारी. मग डिसेंबर २०१८ मध्ये खेळाडूंच्या आपसातल्या लढाया आल्या आणि त्यांच्यासोबत तीन लीग आल्या. ग्रेट लीगमध्ये १५०० सीपीच्या वरचा कुणी चालणार नाही. अल्ट्रामध्ये २५०० ची मर्यादा. मास्टरमध्ये मर्यादाच नाही.

कुस्ती बघणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. हा वजनगट आहे. पण कुस्तीतल्या वजनगटात जे होतं, त्याहून एक मजेदार गोष्ट इथे झाली आणि ती सूत्रात दडलेली आहे. सीपी काढताना गेम पोकेमॉनचा अटॅक पूर्ण धरतो, पण डिफेन्स आणि एचपी यांची फक्त वर्गमुळं धरतो. म्हणजे ज्याचा अटॅक जास्त, त्याचं ‘वजन’ काट्यावर जास्त भरतं. लढाईत मात्र टिकून राहण्यालाही तेवढीच किंमत असते. परिणाम असा की १५०० च्या आत बसायचं असेल तर अंगात ताकद कमी आणि चिवटपणा जास्त असलेला गडी फायद्यात राहतो. मशॅम्पचा मूळ अटॅक २३४ आणि डिफेन्स १५९. बॅस्टिओडॉन नावाच्या, दरवाजासारखं तोंड असलेल्या प्राण्याचा अटॅक अवघा ९४, पण डिफेन्स २८६. जिममध्ये बॅस्टिओडॉनला कुणी विचारत नाही. ग्रेट लीगमध्ये तो समोर आला की लोक कपाळावर हात मारतात.

याच्याही पुढची गंमत म्हणजे, पकडलेल्या प्रत्येक पोकेमॉनच्या अंगात या तीन गुणांचे शून्य ते पंधरा असे जन्मजात मार्क असतात. १५-१५-१५ मिळाला की त्याला ‘हंडो’ म्हणायचं आणि स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकायचा. ग्रेट लीगने हा सगळा मानपान उलटा केला. बहुतेक पोकेमॉनसाठी तिथे अटॅकचे मार्क शून्याच्या आसपास आणि बाकीचे दोन पंधराच्या आसपास असलेले सगळ्यात उत्तम. म्हणजे जे नग आपण दोन वर्षं न बघता प्रोफेसर विलोकडे पाठवून बदल्यात एकेक कँडी घेत होतो, त्यांच्यातच हिरे होते. ‘परफेक्ट’ हा शब्द एका मर्यादेमुळे निरर्थक झाला. एका आकड्याने एवढं केलेलं मी दुसऱ्या कुठल्या मोबाईल गेममध्ये पाहिलेलं नाही. बाकी गेम नवी वस्तू विकून जुनीची किंमत पाडतात. इथे नव्याने काहीही न आणता जुन्याची किंमत वाढली.

हे सगळं सांगायचं कारण असं की गो बॅटल लीगच्या नियमांबद्दल बोलताना लोक ‘बंधनं वाढत चाललीत’ अशी तक्रार करतात आणि मला ती तक्रार चुकीच्या पत्त्यावर गेलेली वाटते. लीगचा पहिला सीझन सुरू झाला १३ मार्च २०२० रोजी, जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटल्यानंतर दोनच दिवसांनी. सुरुवातीला लढायांचा संच उघडायला चालावं लागे, कारण हा चालण्याचाच गेम होता. ती अट त्याच महिन्यात गेली. तेव्हापासून सीझनमागून सीझन, सध्या साधारण तीन-तीन महिन्यांचे, येत राहिले आणि प्रत्येक सीझनमध्ये तीन मुख्य लीगच्या जोडीला एक-दोन आठवड्यांचे ‘कप’ येऊ लागले. प्रत्येक कपला स्वतःचं बंधन. कांटो कपमध्ये पोकेडेक्समधले पहिले १५१ च. प्रीमियर कपमध्ये लेजंडरी आणि मिथिकल यांना प्रवेश नाही. लिटल कपमध्ये मर्यादा ५०० ची. तिथे सगळे लिंबूटिंबूच मैदानात, आणि त्यांना आउट करायची पूर्ण परवानगी.

यातला रेट्रो कप मला एखाद्या चांगल्या संपादकाने काढलेल्या आवृत्तीसारखा वाटतो. त्यात डार्क, स्टील आणि फेअरी हे तीन टाइप चालत नाहीत. वरवर पाहता ही कुणीतरी चिठ्ठ्या टाकून काढलेली यादी वाटेल. पण १९९६ मध्ये जपानात गेम बॉयवर पहिला पोकेमॉन आला तेव्हा हे तीन टाइप अस्तित्वातच नव्हते. डार्क आणि स्टील १९९९ मध्ये दुसऱ्या पिढीसोबत आले, फेअरी तर २०१३ मध्ये. ते काढून टाकले की कोण कुणाला भारी पडतं याचा जो तक्ता उरतो, तो जवळजवळ पहिल्या गेमचा तक्ता आहे. सायकिक टाइपवाले पुन्हा माजतात, कारण त्यांना आवरणारा डार्क गेलेला असतो. ड्रॅगनला फेअरीची भीती उरत नाही. एका वाक्याचा नियम आणि त्यातून एक अख्खा काळ परत येतो. लव्ह कप याच्या अगदी उलट टोकाचा: त्यात फक्त लाल किंवा गुलाबी रंगाचे पोकेमॉन चालतात. याला ना इतिहास आहे ना तर्क. तरीही मी त्याची बाजू घेईन. रंगावरून संघ बांधायला लागलं की आपल्याला कळतं, आपण आजवर या प्राण्यांकडे फक्त आकडे म्हणून पाहत होतो. कोण लाल आणि कोण नारिंगी, यावर मी डोंबिवली ते ठाणे उभ्याने विचार केलेला आहे. (फास्ट लोकलमध्ये लढाई अडकली की हरलोच, हा माझ्या लीगचा एक अलिखित नियम. तो कुठल्याच सीझनमध्ये बदललेला नाही.)

अशा बंधनांची कल्पना कंपनीच्या बैठकीत निघाली असा समज असेल तर तो काढून टाका. खेळाडूंच्या लढाया सुरू झाल्या डिसेंबर २०१८ मध्ये, आणि जानेवारी २०१९ मध्ये ‘सिल्फ अरीना’ या चाहत्यांनी उभ्या केलेल्या व्यासपीठाने आपला पहिला मासिक कप जाहीर केला: बोल्डर कप. रॉक, स्टील, ग्राउंड आणि फायटिंग हे चारच टाइप. पुढच्या महिन्यात ट्वायलाइट कप: पॉइझन, घोस्ट, डार्क, फेअरी. दर महिन्याला नवा नियम, मर्यादा तीच १५०० ची. लोक बागेत, कॅफेत जमायचे, एकमेकांच्या फोनवरचा क्यूआर कोड स्कॅन करून लढायचे आणि निकाल साईटवर नोंदवायचे. गेममध्ये याची काहीही सोय नव्हती. समोरच्याने नियमात न बसणारा प्राणी आणला तर गेम त्याला अडवत नसे, माणसंच अडवत.

आपल्याकडच्या गल्ली क्रिकेटचे नियम असेच तयार होतात. एक टप्पा आउट, भिंतीपलीकडे गेला की आउट, पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीला लागला तर आउट आणि शिवाय बॉल आणायलाही तूच जायचं. यातलं एकही बंधन कुणी वरून पाठवलेलं नसतं. जागा अरुंद आहे, काच महाग आहे, काकू तापट आहेत, म्हणून नियम आहे. उद्या काकू गावाला गेल्या तर नियम बदलेल, आणि तो बदलताना सगळे तिथेच उभे असतील. सिल्फचे कप या जातीचे होते. पुढे गेमनेच स्वतःचे कप आणले, मर्यादा तपासायचं काम सर्व्हर करू लागला, बक्षिसं आली, आणि २०२३ मध्ये सिल्फ बंद पडलं. सोय वाढली यात शंका नाही. एका डब्यात बसून मी जपानमधल्या कुणाशी तरी लढू शकतो. पण नियम ठरण्याची जागा बागेतून उठून एका जाहीर पत्रकात गेली.

आता खरी तक्रार. लीगमध्ये नियम दोन प्रकारे बदलतात, आणि आपण दोन्हींना एकाच नावाने ओळखतो म्हणून घोटाळा होतो.

पहिला प्रकार दाराचा. या आठवड्यात आत कोण येऊ शकतं आणि कोण नाही. कप हे सगळे दाराचे नियम. ते उघडपणे लिहिलेले असतात, वाचले की कळतात आणि मुदत संपली की जातात. रेट्रो कपमध्ये माझा स्टीलवाला बाहेर बसला तरी त्याच्या केसालाही धक्का लागलेला नसतो. आठवडा संपला की तो जसा होता तसा परत.

दुसरा प्रकार अंगातला. सीझन बदलताना चालींचे, म्हणजे मूव्हजचे, आकडे बदलले जातात. अमुक चालीचा मार कमी, तमुक चालीला लागणारी एनर्जी जास्त. लोक याला नर्फ आणि बफ म्हणतात. सप्टेंबर २०२४ च्या सीझनमध्ये ‘काउंटर’ या फायटिंग चालीला असंच कमजोर केलं गेलं. ही काही कोपऱ्यातली चाल नव्हती. मेडिचॅम, मशॅम्प, टॉक्सिक्रोक, व्हिगोरॉथ, लुकारियो हे सगळे याच चालीच्या जिवावर उभे होते. एका ओळीने हे सगळेच्या सगळे थोडे थोडे म्हातारे झाले.

‘थोडे थोडे’ याचा अर्थ नीट कळावा म्हणून एक उदाहरण मांडतो. हे आकडे समजण्यापुरते आहेत. लढाईत अर्ध्या सेकंदाची एक पाळी असते. समजा, तुमची साधी चाल दोन पाळ्यांची आहे आणि दर फटक्याला ७ एनर्जी देते. मोठ्या चालीला ३५ एनर्जी लागते. म्हणजे पाच फटके, पाच सेकंद. आता कुणीतरी ७ चे ६ केले. पाच फटक्यांत ३० च होतात, सहावा मारावा लागतो. एक सेकंद उशीर. त्या एका सेकंदात समोरचा आपली मोठी चाल आधी मारतो, तुम्हाला ढाल खर्च करावी लागते, ढाली दोनच असतात, आणि पुढची सगळी लढाई वेगळ्या वाटेने जाते. पोकेमॉन तोच. त्याचं नाव, रंग, सीपी, जन्मजात मार्क, सगळं तेच. दारावरचा नियमही तोच, १५०० च्या आत. तरीही तो आता दुसरा कुणीतरी आहे.

आणि हा दुसरा कुणीतरी फुकट आलेला नव्हता. मेडिचॅमचंच घ्या. त्याच्या अंगात ताकद एवढी कमी की चाळिसाव्या पातळीपर्यंत वाढवला तरी तो १५०० ला पोहोचत नाही. २०२० च्या शेवटी पातळीची कमाल मर्यादा ४० वरून ५० झाली आणि एक्सएल कँडी नावाचा प्रकार आला. त्यानंतर ग्रेट लीगमध्ये पूर्ण क्षमतेचा मेडिचॅम हवा असेल तर त्याला जवळजवळ पन्नासाव्या पातळीपर्यंत न्यायला लागायचं. पहिल्यापासून चाळिसाव्या पातळीपर्यंत लागते दोन लाख सत्तर हजार स्टारडस्ट. चाळीस ते पन्नास या शेवटच्या दहा पातळ्यांना आणखी अडीच लाख, वर २९६ एक्सएल कँडी. दुसरी मोठी चाल उघडायची तर त्याची स्टारडस्ट वेगळी. ज्या आकड्याने गरिबाला न्याय दिला होता, त्याच आकड्याच्या आत आता एक श्रीमंत गल्ली तयार झाली. मास्टर लीगमध्ये ही दरी इतकी उघडी पडली की तिथे ‘क्लासिक’ नावाची वेगळी लीग आणावी लागली, जिच्यात एक्सएल कँडी वापरून वाढवलेले पोकेमॉन चालत नाहीत. पुन्हा दाराचाच नियम, आणि पुन्हा तोच कामी आला.

म्हणजे एका बाजूला महिनोन्महिने चालून, पकडून, साठवून घडवलेला एक प्राणी. दुसऱ्या बाजूला त्याच्या अंगात हात घालणारी एक ओळ. आणि खर्च झालेली स्टारडस्ट परत मिळायची कुठलीही सोय नाही. घडवायला लावणारा हात आणि मोडणारा हात एकच आहे, हे मला खटकतं.

यावर ठरलेलं उत्तर मला माहीत आहे आणि ते पोकळ नाही. आकडे कधीच बदलले नाहीत तर तेच सहा-सात पोकेमॉन वर्षानुवर्षं समोर येतील. पहिल्या सीझनच्या आसपास ग्रेट लीगमध्ये दर दुसऱ्या लढाईत अल्टारिया, अझुमारिल, रेजिस्टील, स्कार्मोरी यांच्यापैकी कुणीतरी असायचंच. तेव्हा खेळलेल्यांना ती कंटाळवाणी रांग आठवत असेल. बफमुळे कोनाड्यात पडलेले पुढे येतात, हेही खरं. पण कोनाड्यातल्यांना पुढे आणायचं काम कपही करतात, आणि कुणाच्या अंगाला हात न लावता करतात. बोल्डर कपमध्ये चार टाइपांच्या चौकटीत लोकांनी कुठले कुठले विसरलेले दगडधोंडे शोधून काढले होते. त्यासाठी एकाही चालीचा आकडा बदलावा लागला नव्हता. ताजेपणा हवा तर दार बदला, हे निदान पाच सीझन करून पाहण्यासारखं होतं. ते झालं नाही, कारण दार बदलल्याने नवीन २९६ कँडी गोळा करायची गरज पडेलच असं नाही. अंगातला आकडा बदलला की पडते. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. पण गेम चालतो कशावर हे पाहिलं तर हा अंदाज फार धाडसाचा वाटत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर खेळाडू फारसे चिडत नाहीत आणि चिडायला हवं. बराच काळ या चालींचे लढाईतले खरे आकडे गेममध्ये दिसतच नसत. स्क्रीनवर जी ताकद दिसायची ती रेड आणि जिमची. माणसाशी लढताना कुठली चाल किती पाळ्यांची आणि फटक्याला किती एनर्जी देते, हे बघायला ‘पीव्हीपोक’सारख्या चाहत्यांनी बांधलेल्या साईटवर जावं लागे. नियमाचं पुस्तक एकाकडे आणि त्याचं वाचन दुसऱ्याच कुणीतरी फुकट करायचं. २०२३ मध्ये गेम हिंदीत आला, शेकडो पोकेमॉनना देवनागरीत नावं मिळाली आणि त्याचं कौतुकही झालं. पण काउंटर किती पाळ्यांची, या प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत वाचणाऱ्यांनाही परक्या साईटवरच शोधावं लागत असेल, तर भाषांतराने नक्की काय वाचता आलं? आणि २०२५ मध्ये ते पुस्तकच हातबदल होऊन गेलं: नायँटिकने आपला गेमचा व्यवसाय स्कोपलीला साडेतीन अब्ज डॉलरला विकला. त्या सौद्यात मशॅम्प आणि बॅस्टिओडॉन यांच्यासोबत १५०० हा आकडाही गेला असणार.

मी मूळचा वाचणारा माणूस, त्यामुळे मला यातली सगळ्यात वेगळी अडचण दिसते ती अशी. कादंबरीवर लिहिताना ती परत उघडता येते. बुद्धिबळाचा शंभर वर्षांपूर्वीचा डाव आजही पटावर मांडता येतो. सोंगट्यांच्या चाली त्या मानाने स्थिर आहेत. २०२२ मध्ये लंडनला पोकेमॉनच्या जागतिक स्पर्धेत गो पहिल्यांदा खेळला गेला. ग्रेट लीग, सहा जणांचा संघ समोरच्याला दाखवायचा आणि त्यातले तीन निवडून लढायचं. त्या लढायांचे व्हिडिओ आहेत आणि मी ते अधूनमधून बघतो. एखाद्याने ढाल का वाचवली, बदली नेमकी कधी केली, हे उलगडत बसायला मला आवडतं. एकदा मी आणि माझ्या मावसभावाने त्यातली एक लढाई आमच्या फोनवर तशीच्या तशी उभी करायचं ठरवलं. दोघांकडे मिळून सहाही पोकेमॉन होते, सीपीही जवळपास तेवढेच. तो व्हिडिओ बघून फटके मोजत होता, मी तेवढेच मारत होतो.

तिसऱ्या मोठ्या चालीपर्यंतसुद्धा जुळलं नाही. व्हिडिओतला गडी जिथे वाचतो तिथे माझा पडला. मावसभाऊ म्हणाला, “दादा, तू एक टॅप चुकवलास.” परत केलं. परत तिथेच पडला. मग त्याने पीव्हीपोक उघडून त्या चालीचा आजचा आकडा पाहिला आणि फोन माझ्याकडे केला.

रेट्रो कप १९९६ चा तक्ता परत आणतो, पण त्यातल्या चाली आजच्याच असतात. २०२२ चे आकडे लावून लढता येईल असा कप अजून तरी आलेला नाही.